तीनशे वेळा कललेले तबक

आमच्या कारखान्यात माझा शब्द शेवटचा असे, आणि त्याबद्दल मला कधी संकोच वाटला नाही. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ‘इंगवले यांत्रिकी’ची पहिली शेड उभी राहिली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, यजमान गेले तेव्हा बेचाळीसची, आणि ही हकीकत घडली तेव्हा पंचाहत्तरीत होते. इतक्या वर्षांत आम्ही एकच वस्तू बनवत आलो. माल निवडून वेगळा करणारी, कलत्या तबकांची यंत्रमाळ.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक लांबट गोल रूळ असतो. त्यावर एकमेकींना जोडलेल्या छोट्या गाड्या अखंड फिरत असतात आणि प्रत्येक गाडीवर एक तबक असते. भरणीच्या पट्ट्यावरून एका तबकात एकच वस्तू येते, वर टांगलेला कॅमेरा ती ओळखतो, आणि गाडी योग्य घसरणीसमोर आली की तबक कलून वस्तू खाली उतरवते. गाड्यांना साखळी ओढत नाही. रुळामध्ये बसवलेल्या मोटारी चुंबकाच्या जोराने त्यांना पुढे ढकलतात. हे सारे कुणालाही जमते. खरे कसब कलण्यात आहे. आमच्या जुन्या रचनेत रुळाखालून एक लोखंडी बोट वर येई, गाडीच्या पोटातली चाकी त्यावर चढे आणि तबक खाडकन उलटे. पुस्तकांना, चपलांना, औषधांच्या खोक्यांना ते चालत असे. पिकलेल्या अंजिराला चालत नसे.

पुरंदरच्या पठारावरच्या अंजीर उत्पादकांच्या संघाला नेमकी अंजिरांसाठीच यंत्रमाळ हवी होती. पहाटे तोडलेले फळ वीस तासांत परदेशी बाजारात उतरवायचे विमान त्यांना मिळाले होते. हाताने निवड करण्यात त्यातले नऊ तास जात.

माझी सून केतकी हिने त्यावर उपाय शोधला. ती धातुशास्त्र शिकलेली, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत सात वर्षे काढलेली मुलगी. आमच्या घरात आली ती अंगठ्याएवढी एक चकाकती पट्टी घेऊन.

काही मिश्रधातूंना आकाराची आठवण असते, हे माझ्या तरुणपणीही माहीत होते. वाकवलेली तार तापवली की ती पूर्वीच्या आकारात परत येते. केतकीच्या पट्टीत असे हजारो पातळ थर होते आणि प्रत्येक थर वेगळ्या तापमानाला जागा होणारा. त्यामुळे ती पट्टी एका आकाराऐवजी एक संपूर्ण हालचाल लक्षात ठेवी. कुठे हळू, कुठे वेगात, कुठे थांबून, सगळे क्रमाने. लोखंडी बोट नको, चाकी नको. तबकाखाली पट्टी बसवायची, किंचित वीज द्यायची, ती तापते आणि शिकवलेली हालचाल जशीच्या तशी करते.

ती शिकवायची कशी? हाताने! तबक एका गरम चौकटीत बसवायचे आणि माणसाने ते तीनशे वेळा कलवायचे. जे तीनशे वेळा सारखे घडते तेवढेच धातू ठेवून घेतो, एखाद्या वेळी झालेली चूक विसरतो. मग त्या एका तबकाची हालचाल विजेद्वारे बाकीच्या दोनशे एकोणचाळीस तबकांत उतरवता येते. आमचा जुना मिस्त्री लियाकत मुल्ला त्या चौकटीला ‘शाळा’ म्हणे.

प्रश्न उरला हात कुणाचा.

केतकीने पाच जणांचे हात पाहिले. लियाकतचे तबक असे उलटे की जणू ताटातले खरकटे टाकावे. माझा मुलगा संग्राम अर्ध्यावर थांबून विचार करी. केतकीचा स्वतःचा हात एकसारखा होता, पण घाईचा. शेवटी मी चष्मा पुसला आणि उभी राहिले.

“आईसाहेब, तुम्ही कशाला त्रास घेता?”

“तुझ्या यादीत माझं नाव नाही, हे मी पाहिलं आहे. तबक आण इकडे. आणि ते रबरी चेंडू उचल त्यातून, चेंडूवर माझा हात चालत नाही. ज्वारी घाल पसाभर.”

“ज्वारी?”

“दाणा कसा ओघळतो त्यावरून हाताला कळतं. तुमच्या पुस्तकात नसेल.”

मी तीनशे वेळा तबक कलवले, मध्ये एकदा चहा घेऊन. त्या तबकातून मग केतकीने पिकली अंजिरे घसरणीत सोडली. भिंग लावून पाहिले तरी सालीवर ओरखडा सापडेना. ती खूप वेळ भिंगातून पाहत राहिली आणि म्हणाली, “हा हात यंत्रात उतरायलाच हवा होता.” ती सहसा स्तुती करत नाही. त्या दिवशी मी कारखान्यात जरा अधिकच हिंडले, हे कबूल करते.

त्याच आठवड्यात पुण्याच्या प्रयोगशाळेचे पत्र तिच्या टेबलावर मी पाहिले. त्यांनी तिला परत बोलावले होते, मोठ्या पदावर. पुरंदरच्या चाचणीत आम्ही उतरलो नाही तर तिच्या धातूला आमच्याकडे पुढे काम नव्हते. मग ती इथे कशासाठी राहणार? संग्राम विक्रीच्या कामाने बाराही महिने बाहेर. तोही पुण्यात घर करील. उत्तर द्यायची मुदत चाचणीच्या दुसऱ्या दिवशी संपत होती. तिने मला काही विचारले नाही. मीही काही बोलले नाही. विचारल्याशिवाय मत द्यायचे नाही, अशी माझी ख्याती नाही, तरी या बाबतीत माझ्या तोंडून शब्द फुटेना.

एप्रिलमध्ये, उन्हाळी अंजिरांचा मीठा बहर ऐन भरात असताना, आम्ही पठारावरच्या निवडगृहात पोचलो. संघाचे अध्यक्ष निवृत्ती झेंडे पांढऱ्या टोपीत दारातच उभे होते. त्यांची अट साधी होती. हजार अंजिरे सोडायची. योग्य घसरणीत न उतरता फेरी मारून परत येणारी पाचाहून अधिक असली, तर संघ परदेशी यंत्र घेणार.

सकाळी नऊला माळ सुरू झाली. दोनशे चाळीस तबके आवाज न करता वाहू लागली, एकेक घसरणीसमोर येऊन नम्रपणे कलू लागली. आपल्या मनगटाची लकब दोनशे चाळीस वेळा एका ओळीत पाहणे हा मोठा विलक्षण अनुभव असतो. मी हातातली काठी बाजूला ठेवून ताठ उभी राहिले.

पहिली शंभर फळे अचूक उतरली. मग झेंडे पुढे वाकले.

“आक्का, हे डाग असलेलं अंजीर आत्ताच गेलं न्हवं इथनं?”

“दुसरं असेल.”

“न्हाई, त्योच डाग. बघा, आलं परत.” थोड्या वेळाने ते हसू लागले. “तिसऱ्यांदा! आता वळख झाली आमची. देवळाला फेऱ्या घातल्यागत चाललंय.”

फळ घसरणीसमोर येई, तबक कले, फळ कडेपर्यंत सरके, आणि अगदी अखेरच्या क्षणी मागे फिरून तबकातच बसे. सगळी नव्हेत, काहीच. हजार पूर्ण झाली तेव्हा अशी एकोणसाठ निघाली.

लियाकत रुळाखाली शिरला. दहा मिनिटांनी कपाळाला ग्रीस लावून बाहेर आला. “आक्कासाहेब, चाकं लोण्यागत फिरत्यात, रूळ आरशागत हाय. गाडीत खोट न्हाई.”

“नसणारच,” मी म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढे बोलले, “गाड्या आम्ही पन्नास वर्षं बनवतो आहोत. जे नवीन आहे तिथेच दोष असणार. तो धातू आहे.”

केतकीने मान वर केली नाही. ती हातातल्या पडद्यावर तबकाचे संथ केलेले चित्र पाहत होती, पुन्हा पुन्हा तेच. मग तिने पडदा बंद केला.

“धातूतच असेल,” ती झेंड्यांना म्हणाली. “जबाबदारी माझी आहे. दुपारनंतर आम्ही यंत्र उतरवायला घेतो.”

“अवो मॅडम, जेवण तर करा आधी. रिकाम्या पोटी नट-बोल्ट सोडू न्हाईत.”

झेंड्यांचे घर निवडगृहाला लागूनच होते. भाकरी, पिठले, कांदा, आणि वाटीत सोललेली अंजिरे. केतकी शेवटच्या पाटावर बसून भाकरी मोडत होती, खात नव्हती. जेवण झाल्यावर मी हात धुवायला मागच्या पडवीत गेले. तिथे झेंड्यांच्या आई हौसाबाई बाजरी पाखडत होत्या. माझ्याच वयाच्या. सूप वर जाई, कोंडा उडे, दाणा खाली बसे. मग त्या सूप कणगीवर कलवत आणि दाण्यांची धार आत सोडत.

मी त्यांच्या शेजारी टेकले. “किती सफाईचा हात आहे हो.”

“सफाई कसली? जलम गेला यातच. घ्या की, बघा तुमीबी.”

सूप त्यांनी माझ्या हाती दिले. चाळीस वर्षांनी सूप धरत होते, पण मनगट विसरले नव्हते. धार सुरेख पडली. हौसाबाई पाहत होत्या.

“तुमच्याकडंबी तसंच करत्यात का?” त्यांनी विचारले.

“कसं?”

“शेवटचं चार दाणं ठेवता न्हवं सुपात. रितं करत न्हाई. आमची सासूबी तसंच शिकवायची. रितं सूप घरात ठेवू नये म्हणायची.”

मी सुपात पाहिले. आठ-दहा दाणे कोपऱ्यात बसले होते. धार संपण्याच्या आत माझे मनगट अर्धा इंच वर आले होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. पुन्हा सूप भरले, पुन्हा कलवले, या वेळी डोळे मनगटावर ठेवून. पुन्हा तेच.

माझी आई करवीरच्या आमच्या घरात मला पाठीवर चापट मारून हे शिकवी. मी सात वर्षांची असेन. ज्वारीने भरलेले तबक मी केतकीकडून मागून घेतले होते, आणि तीनशेच्या तीनशे वेळा ते पूर्ण रिकामे केले नव्हते. चूक एकदा झाली असती तर धातूने ती विसरली असती. त्याने चूक पाहिलीच नाही. त्याने माझी रीत पाहिली, आणि आज्ञाधारकपणे दोनशे चाळीस तबकांना शिकवली. गोलसर अंजिरे तबक वर येण्याच्या आत घरंगळून जात. पूर्ण पिकलेली, बुडाला चपटी, सालीला किंचित चिकट अशी फळे उशिरा सरकत आणि तबक ती परत घेई. शिरोलीत पिकली फळे थोडीच सोडली होती, तीही साल पाहण्यासाठी; शेवटच्या तपासणीला आम्ही कच्ची, गोल फळे वापरली होती, म्हणून दिसले नाही.

मी केतकीला पडवीत बोलावले.

“तुला कळलं होतं?”

“साडेदहालाच. चित्रात स्पष्ट दिसतं. तबक रिकामं होण्याआधी उचललं जातं.”

“आणि मी सगळ्यांसमोर तुझ्या धातूला नावं ठेवली तेव्हा तोंड का शिवलंस?”

“बाहेरच्या लोकांत काय बोलणार? आणि हात मी निवडला होता, आईसाहेब. कुणी बळजबरी केली नव्हती.”

“मी केली होती.”

“थोडी,” ती म्हणाली, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखे वाटले.

“तीन वर्षांचं काम बुडवायला निघाली होतीस, माझा मान राहावा म्हणून. हा शहाणपणा तुला कोणी शिकवला?”

“तुमच्याच घरात शिकले.”



मी काठी घेतली आणि निवडगृहात गेले. लियाकतने पहिला बोल्ट सोडला होता. झेंडे आणि संघाची सात-आठ माणसे चहा पीत उभी होती.

“मिस्त्री, पाना खाली ठेवा,” मी म्हणाले. “झेंडे, मघाशी मी चुकीचं बोलले. धातूत काडीचा दोष नाही. त्याला जे शिकवलं तेच तो करतो आहे. मी त्याला तबक पूर्ण रिकामं करायला शिकवलंच नाही, कारण मला स्वतःला ते येत नाही. दोष या हाताचा आहे.” आणि मी हात वर करून दाखवला.

लियाकतने पाना खरोखरच खाली ठेवला, तो नेमका स्वतःच्या पायावर, आणि “या अल्ला” म्हणून एका पायावर नाचू लागला. त्या हशाने माझे काम बरेच सोपे केले.

“मग आता?” झेंडे म्हणाले.

“सूर्य मावळायला चार तास आहेत, तेवढ्यात हजार अंजिरांची चाचणी पुन्हा घेऊ. ‘शाळा’ गाडीत आहे. तुमच्या मातोश्रींकडून पायलीभर बाजरी आणा.”

तबक चौकटीत बसवले, चौकट तापली, मी पदर खोचून उभी राहिले. मनाशी ठरवले की शेवटचा दाणा पडेपर्यंत मनगट हलू द्यायचे नाही. सतरा वेळा जमले. अठराव्यांदा मनगट आपले आपण वर आले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या वेळी अकराव्यांदा. लोखंडात काम करणाऱ्या माणसांना मी पन्नास वर्षे हुकूम दिले, आणि माझे स्वतःचे मनगट माझे ऐकेना.

“तू कर,” मी केतकीला म्हणाले.

तिने केले. बाजरी भसकन पडली. धातूला ते शिकवले असते तर अंजिरे घसरणीत फुटली असती. ती तबकाकडे पाहत उभी राहिली.

“सुरुवात तुमची हवी आणि शेवट माझा,” ती सावकाश म्हणाली. “पण दोन हालचाली जोडल्या तर मध्ये झटका येईल. धातू तोही शिकेल.”

“जोडायच्या कशाला? तुझा हात माझ्या हातावर ठेव. मी कलवते. शेवटाला माझा हात वर यायला लागला की तू खाली दाब.”

“मी दाबू?”

“अगं, दाब. लाजतेस काय?”

“तुमचा हात दाबायची सवय नाही, आईसाहेब.”

“मग आजपासून कर.”

तिचा तळहात माझ्या मनगटावर आला. थंड होता, घाबरलेल्या माणसाचा. पहिल्या वीस-पंचवीस वेळा ती इतके हळू दाबी की माझा हात तिला सहज उचलून नेई. त्या आम्ही मोजल्या नाहीत. मी खेकसले, “पाहुणी आहेस का?” तेव्हा तिने खरा जोर लावला. लियाकत खुर्चीवर पाय चोळत आकडे म्हणू लागला.

“चाळीस. आक्कासाहेब, ह्यो झकास गेला. एक्केचाळीस. वैनीसाहेब, जरा दमानं, आक्कासाहेबांचा हात हाय, जॅक न्हवं.”

“तुम्ही आकडे म्हणा, मिस्त्री.”

“म्हणतोय की. बेचाळीस.”

शंभराच्या आसपास तिचा हात गरम झाला. दीडशेला मला जाणवले की माझे मनगट वर यायचा विचार करते आणि तिचा हात त्या आधीच तिथे असतो. दोनशेनंतर तिला दाबावे लागत नव्हते. हात नुसता ठेवलेला होता. हौसाबाई दारात येऊन बसल्या होत्या. तबक पार रिते झालेले पाहून त्या दरवेळी हळहळत, पण बाजरी आणून देत. दोनशे ऐंशीला माझा खांदा ठणकू लागला. केतकीने विचारले, “थांबू या का?” मी म्हणाले, “धातू थांबणं शिकेल.” ती खळखळून हसली, पण हात हलू दिला नाही.

“तीनशे!” लियाकत ओरडला. संघाच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

नवी हालचाल बाकीच्या तबकांत उतरायला चाळीस मिनिटे लागली. मग माळ पुन्हा फिरू लागली. तबक संथपणे कलले, फळाला कडेपर्यंत नेले, आणि तिथे न अडखळता, न ढकलता, पूर्ण उतरू दिले. मी एकटीने कधी असे केले नव्हते. केतकीनेही नाही. समोर दोनशे चाळीस वेळा चालला होता तो हात जगात कुणाच्याही खांद्याला नव्हता.

हजार अंजिरे सुटली. परत आली तीन.

झेंड्यांनी टोपी काढून डोके खाजवले. “आता कागदावर लिवायचं काय? चालवणारा हात कुणाचा?”

“आईसाहेबांचा,” केतकी म्हणाली.

“सुनेचा,” मी म्हणाले.

“मोजणी माझी हाय, तेवढं ध्यानात असू द्या,” लियाकत म्हणाला.

झेंड्यांनी तिन्ही नावे लिहिली आणि आमच्या गाडीत अंजिरांच्या चार करंड्या ठेवल्या. गाडी बिनचालकाची होती. लियाकत मागच्या आसनावर बसताच घोरू लागला. मी आणि केतकी पुढे शेजारी बसलो. नारायणपूर मागे पडले. आम्ही दोघीही समोरच्या रस्त्याकडे पाहत होतो.

“पुण्याला काय कळवलंस?” मी शेवटी विचारले.

“अजून काहीच नाही. उद्यापर्यंत मुदत आहे.”

“मग कळव.”

“काय कळवू?”

उत्तर माझ्या जिभेवर तयार होते. पन्नास वर्षे असेच तयार असे. मी खिडकीची काच थोडी खाली केली, वारा घेतला.

“ते तू ठरव,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे वळून पाहिले. मग फोन काढला, दोन ओळी लिहिल्या आणि मला न दाखवता पाठवल्या. मी विचारले नाही. कापूरहोळ येऊन गेले तरी विचारले नाही. महामार्गाला लागलो तरी विचारले नाही. खंबाटकीच्या नव्या बोगद्यात मात्र विचारलेच.

“काय लिहिलंस?”

“लिहिलं, की मी येणार नाही. त्यांना या धातूवर काम करायचं असेल तर त्यांनीच माणसं घेऊन शिरोलीला यावं. ‘शाळा’ तिथे आहे.”

तिने मला विचारले असते, तर मी शब्दशः हेच सांगितले असते. हे मात्र मी तिला सांगितले नाही. करंडीतले एक अंजीर काढले, पदराने पुसले आणि तिच्या हातावर ठेवले.